परकायाप्रवेश

जुन्या मोटारगाड्यांचा शौक बाळगणारी मंडळी एकत्र आली म्हणजे कुशलप्रश्न आटोपताच पहिली पृच्छा होते ती गाडी ‘ओरिजिनल’ आहे काय याची. आणि या परीक्षेत आमच्या कन्नड तालुक्यातल्या बहुतेक जुन्या जीपगाड्या आरंभीच अनुत्तीर्ण होतात, कारण त्यांच्या बॉनेटखाली आज जे यंत्र धडधडते आहे ते त्यांच्या जन्मकाळचे नव्हे. देवगाव रंगारीला, रस्त्याच्या कडेच्या एका गॅरेजात, अशाच एका जीपचे पेट्रोल इंजिन उतरवून तिथे ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन बसवताना मी पाहिले, आणि तेव्हापासून या ओरिजिनलपणाविषयी माझ्या मनात जो संशय उत्पन्न झाला तो पुढे वाचनाने आणि विचाराने दृढच होत गेला.

ती जीप सरकारी दप्तरात निर्लेखित होऊन लिलावात निघालेली होती. पाहणी, पंचनामे, टंचाईचे दौरे अशी हुकमाची कामे करण्यात तिचे तारुण्य खर्ची पडले होते, आणि उतारवयात ती एका कास्तकाराच्या पदरी पडली, ज्याला तिच्या ऐतिहासिक माहात्म्याशी कर्तव्य नव्हते. त्याला पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीतून खताची पोती शेतापर्यंत आणि कांद्याच्या गोण्या लासूरच्या बाजाराच्या रस्त्यापर्यंत नेणारे, चारही चाकांना जोर असलेले, पण पेट्रोल न पिणारे वाहन हवे होते. या मागणीत मला तरी काही गैर दिसले नाही.

मुळात जीप या वस्तूचे मूळ शोधू जावे तर नदीच्या मुळाप्रमाणे तिथेही चारपाच झरेच सापडतात. १९४० साली अमेरिकन सैन्याने हलक्या टेहळणी गाडीची मागणी केली, तेव्हा पहिला नमुना बँटम नावाच्या एका लहानशा कंपनीने तयार करून दिला. परंतु तिची उत्पादनक्षमता तोकडी, म्हणून तो आराखडा विलीज आणि फोर्ड यांच्याही हाती देण्यात आला, आणि अखेर जी गाडी कायम झाली तिच्यात कल्पना बँटमची, इंजिन विलीजचे आणि पुढची पत्र्यातून ठोकून काढलेली जाळी फोर्डची, अशी ती भागीदारी होती. युद्ध संपल्यावर विलीजने आपल्या इंजिनात एक फेरफार केला : हवा आत घेणारे व्हॉल्व्ह ठोकळ्यातून उचलून वर हेडमध्ये नेले. त्यायोगे ६० अश्वशक्तीचे यंत्र सत्तरीपलीकडे गेले खरे, पण त्याची उंची वाढली आणि ते जुन्या बॉनेटखाली मावेना. तेव्हा कंपनीने १९५३ साली बॉनेटच उंच केले. उंच कपाळाची जी सीजे-थ्री-बी आपल्याकडे तहसील कचेऱ्यांच्या आवारात दोन पिढ्यांनी पाहिली आणि जिला आज शौकीन मंडळी जीपचा अस्सल चेहरा म्हणतात, तो चेहरा म्हणजे इंजिनबदलाचाच परिणाम होय.

आणि ती ज्या कंपनीने आपल्या देशात बनवली तिचे नाव तरी मूळचे कुठे राहिले? १९४५ साली ती ‘महिंद्र अँड मोहम्मद’ म्हणून स्थापन झाली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात जाऊन त्या राष्ट्राचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ साली कंपनी ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाली. आद्याक्षरे मात्र तीच राहिली.

आता त्या गॅरेजाकडे वळतो. बसवायचे इंजिन होते बी-२७५ ट्रॅक्टरचे, म्हणजे ज्याची जुळणी करण्यासाठी महिंद्रनेच १९६३ साली इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून मुंबईत स्वतंत्र कंपनी काढली त्या ट्रॅक्टरचे. चार सिलिंडरांचे, सुमारे ३५ अश्वशक्तीचे आणि अंगाने बळकट. पुढे खुद्द कंपनीनेही याच घराण्यातले इंजिन आपल्या डिझेल जीपमध्ये घातले, तेव्हा देवगावच्या मिस्त्रींनी काही अपूर्व धाडस केले असे नव्हे. परंतु कारखान्यात जे साच्यांनी होते ते इथे नजरेने आणि हाताने करावे लागते. ट्रॅक्टरच्या इंजिनाची पाठ आणि जीपच्या गिअरबॉक्सचे तोंड यांची भोके जुळत नाहीत; म्हणून मधे जाड पोलादी प्लेट घालावी लागते, जिच्या एका अंगाला इंजिनाची भोके आणि दुसऱ्या अंगाला गिअरबॉक्सची, आणि मधोमध मोठे गोल तोंड. सगळी मेख या तोंडात. ते लेथवर कातताना मध्य किंचित जरी ढळला, तर गाडी सुरू होईल, चालेलही, पण क्लच थरथरेल, बेअरिंग आवाज करू लागेल आणि थोड्याच काळात गिअरबॉक्स खाऊन टाकील. मिस्त्रींनी एका भंगार गिअरबॉक्सचा शाफ्ट जपून ठेवला होता. तो क्लचप्लेटच्या खाचांतून आरपार घालून त्यांनी मध्य साधला, मगच प्लेटचे बोल्ट आवळले. नंतर चेनकुप्पीला टांगलेले इंजिन इंचाइंचाने खाली येऊ लागले. शागीर्द खाली पडून सांगे, “दोन सूत डावीकडे,” मिस्त्री इंजिनाला खांदा लावत, आणि शाफ्ट खाचांत न जाता नुसता टेकून राही. कुणीही हातोडा उचलला नाही, ही गोष्ट मला विशेष वाटली. मिस्त्रींनी फ्लायव्हीलला पान्याने थोडासा फेर दिला, आणि आतापर्यंत अडून बसलेले ते धूड एकाएकी सरकून गिअरबॉक्सला भिडले.

त्यानंतरची कामे बारीकसारीक, पण बोधप्रद होती. डिझेलमध्ये ठिणगी नाही. हवाच वीस पटींच्या आसपास दाबून एवढी तापवायची की फवारलेले तेल आपसूक पेट घेईल. तेव्हा कॉइल, डिस्ट्रिब्यूटर आणि प्लग हा सगळा परिवार एका डब्यात जमा झाला. जुन्या जीपचे वायपर इंजिनाच्या शोषणावर चालत. डिझेलला तसे शोषण नसते, म्हणून काचेवर विजेची मोटर आली. इंजिन जड, म्हणून पुढच्या स्प्रिंगांत एकेक पाटा वाढला. शेवटी पंपाची हवा काढणे : बोल्ट सैल करून हातपंप मारू लागताच प्रथम फेस आला, मग बुडबुडे, मग ते विरळ होत होत तेलाची अखंड धार, आणि त्या क्षणी बोल्ट आवळला गेला. डिझेलच्या नळीत राहिलेला हवेचा एक बुडबुडा सबंध गाडीला दारात बसवून ठेवू शकतो.

गाडीचा स्वभाव यामुळे पालटला, हे मी नाकारणार नाही. पेट्रोलचे ते मऊ, काहीसे शिष्ट गुणगुणणे गेले आणि ट्रॅक्टरचा ठणठणाट आला. ट्रॅक्टरचे इंजिन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास थांबते, आणि जीपच्या डिफरन्शियलमध्ये चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे ५.३८ फेरे खर्च होतात. हिशेब मांडला तर जीपच्या त्या उभट टायरांवर वेग ताशी पन्नास किलोमीटरांपलीकडे जात नाही. ज्याला औटरम घाट उतरून चाळीसगावला वेळेत पोचायचे आहे त्याला हे जाचक होईल. चिखलात मात्र ती चाके सावकाश, न घसरता, ज्या निर्धाराने फिरू लागली ते पाहून मालकाचा चेहरा उजळला.

शंकराचार्यांनी अमरुक राजाच्या मृत देहात प्रवेश केल्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. राजा उठला, पण राण्यांना आणि प्रधानांना हा कोणी निराळाच पुरुष असल्याचा संशय आला. राज्यकारभार मात्र पूर्वीपेक्षा नेटका चालू लागला. सरकारदरबारी हाच प्रश्न कलमांच्या भाषेत विचारला जातो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम वाहनात मनमानी फेरफार करू देत नाही. इंजिन बदलले तर त्याची वर्दी नोंदणी अधिकाऱ्याकडे मुदतीत द्यावी लागते आणि दाखल्यावर तशी नोंद करून घ्यावी लागते. हा शिरस्ता मला रास्त वाटतो. रस्ता सर्वांचा असतो. पण २०२१ साली ‘व्हिंटेज’ वाहनांसाठी जे नियम आले त्यांचे कौतुक वाटते. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली, आणि चेसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरबदल न झालेली गाडीच या पदवीस पात्र; आणि पदवी मिळाली की तिने रोजच्या वा धंद्याच्या कामासाठी रस्त्यावर यायचे नाही! म्हणजे जी राबत राहिली ती अपात्र, आणि जी पात्र ठरली तिला राबण्याची मनाई.

आमच्या शेजारी वेरूळला दोन्ही प्रकारची वास्तुरूपे आहेत. राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळचे कैलास लेणे एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेले. त्यात सांधा नाही, म्हणून बदलता येण्याजोगा भागही नाही, आणि तुटलेली सोंड तुटलेलीच राहते. तिथून जवळच घृष्णेश्वर. त्याचा जीर्णोद्धार मालोजीराजे भोसल्यांनी केला, पुढे अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी केला, आणि श्रावणात रांगेत उभ्या असलेल्या एकाही भाविकाला त्यातला मूळचा दगड कोणता हे विचारावेसे वाटत नाही. जीप ही घृष्णेश्वराच्या जातीची वस्तू आहे. ती बोल्टांनी जोडलेली आहे, म्हणजे उघडण्यासाठीच केलेली आहे. कैलासाला लावायचा नियम तिला लावणे हा अधिकारभेदाचा दोष होय, असे माझे मत आहे.

उतरवलेले पेट्रोल इंजिन बरेच दिवस गॅरेजाच्या मागे, गोणपाटाखाली पडून होते. भंगारवाला दोनदा येऊन वजनाचा भाव सांगून गेला. मिस्त्रींनी दिले नाही. मग पुण्याहून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडेही सीजे-थ्री-बी होती, तिच्यातही कुणीतरी पूर्वी डिझेल घातलेले होते, आणि आता त्यांना ती ओरिजिनल करायची होती. त्यांनी ठोकळ्यावरचा क्रमांक चिंधीने पुसून वहीत टिपून घेतला, मिस्त्रींना मागितलेली किंमत मोजली, आणि जाताना विचारले की ट्रॅक्टरवाल्या गाडीसाठी केली तशी एखादी प्लेट जुनी पडली आहे काय, कारण त्यांच्या जीपचा गिअरबॉक्सही मधे केव्हातरी दुसऱ्याच गाडीचा बसवला होता.