घरट्याआधी अंगण

नाशिक, धुळवड

चि. बाळू,

काल रात्री तुझे फोटो पाहिले आणि झोपच लागेना. गच्चीच्या कठड्यावर एका ओळीत सहा घरटी, निळी-पिवळी रंगवलेली, आणि खाली तुझा प्रश्न, 'ताई, पक्षी किती दिवसांत येतील?' डोळे भरून आले रे. आईचा मुलगा शोभतोस. मग शेवटचा फोटो उघडला. मागची बोर, तिच्या बुंध्याला चुन्याचा पट्टा, आणि शेजारी रचून ठेवलेले पेव्हिंग ब्लॉक. फोनवर तू 'हो ताई, हो ताई' म्हणतोस आणि विषय मिटवतोस, म्हणून हे पत्र.

आधी पेट्यांचं सांगते. कठड्यावरून त्या आजच काढ. मार्च सुरू आहे, दौंडचं ऊन तुला मी सांगायला नको. पत्र्याची पेटी पश्चिमेला टांगली की काय होतं, ते मी एका मे महिन्यात पाहिलं आहे. संध्याकाळी झाकण उघडलं तर तिन्ही पिल्लं गेलेली. चिमणी काडी चोचीत धरून समोरच्या तारेवर बसली होती. ते माझ्या हातून झालं, तुझ्या हातून होऊ नये. पेट्या लाकडाच्याच हव्यात, छज्ज्याखाली, तोंड पूर्वेला किंवा उत्तरेला, जमिनीपासून आठ-दहा फुटांवर. रंग आतून अजिबात नको. तळाला चार बारीक भोकं पाड. दाराखालची ती दांडी काढून टाक. चिमणीला तिची गरज नसते, कावळ्याला मात्र बसायला आयती जागा मिळते. दार सव्वा इंचाचं ठेव, म्हणजे चिमणी आत जाईल आणि साळुंकी बाहेर राहील. दयाळ यावा असं वाटत असेल तर दोन इंचांचं दार असलेली एकच पेटी दूर कोपऱ्यात लाव. चिमण्या शेजारीशेजारी नांदतात, दयाळ आपल्या हद्दीत दुसरा दयाळ खपवून घेत नाही.

पण बाळू, हे सगळं केलंस तरी पेटीत येणार कोण? बिळात, ढोलीत, भिंतीच्या भोकात राहणारे तेवढेच: चिमणी, साळुंकी, दयाळ, फार तर पिंगळा. बुलबुल तुझ्या पेटीकडे ढुंकूनही बघणार नाही. होला नाही, शिंजीर नाही, वटवट्या नाही. त्यांना फांदी लागते, झुडूप लागतं, काटा लागतो. मांजराचा पंजा पोचत नाही असं तुझ्या आवारातलं एकमेव घर म्हणजे ती बोर. सहा घरं टांगून तू साठ घरं पाडायला निघाला आहेस.

आणि चिमणीचं तरी काय? ती दाणे खाते, पण पिल्लांना दाणे चालत नाहीत. दोन आठवडे घरट्यात असेपर्यंत त्यांना अळ्या आणि किडे भरवावे लागतात, दिवसभर, एकेक करून. ब्लॉकांखालून अळी कुठून यायची? पालापाचोळा झाडून जाळलास तर सातभाई काय उलथतील? चिमण्या मातीत खळगा करून धूळ अंगावर घेतात, ती सिमेंटवर कशी घेतील?

आपल्या लहानपणी कुणी पेटी केली होती का? गणपतीच्या तसबिरीमागे काड्या दिसल्या की पावसापर्यंत मधल्या खोलीतला पंखा आई लावू देत नसे. आढ्याला ज्वारीची कणसं असत, मागे माती असे, खळ्यावर थवेच्या थवे. आता कणसं गेली, खळं गेलं, बांधापर्यंत ऊस आला. ऊस लावणाऱ्यांना मी दोष देत नाही, त्यावर किती चुली पेटतात ते आपण पाहिलं आहे. पण उसाच्या त्या समुद्रात पाखराला उतरायला घरामागचे चार गुंठेच उरलेत. तेही झाकायचे?

इथे नाशिकला महंमद दिलावर यांनी चिमण्यांसाठी आयुष्य वेचायला घेतलं, तेव्हा लोकांना नवल वाटलं होतं. त्यांच्याच पुढाकाराने 2010 पासून 20 मार्च हा चिमणी दिन जगभर पाळला जातो. 2020 च्या देशव्यापी पक्षी-अहवालात म्हटलं आहे की चिमणी एकूण देशात टिकून आहे, मोठ्या शहरांत मात्र घटते आहे. म्हणजे दौंडला अजून वेळ आहे, बाळू. मला घोर लागला आहे तो हाच, की आपण शहर व्हायची घाई करतो आहोत.

शिरूरकडच्या मोराच्या चिंचोलीला अण्णांनी आपल्याला नेलं होतं, आठवतं? तिथे मोरांसाठी कुणी काही बांधलं नव्हतं. चिंचा राखल्या होत्या, आणि दारात आलेल्या मोराला कुणी हाकलत नव्हतं.

दर हिवाळ्यात तू भिगवणला रोहित बघायला जातोस, कौतुक आहे. पण ते पाहुणे. घरच्या माणसांचं आधी बघ. पाण्याचं पसरट मातीचं भांडं सावलीत ठेव, रोज धू. कढीपत्त्यावर औषध मारू नकोस. आणि बोर तोडायला गुरुवारी येणाऱ्या माणसांना आजच फोन करून नको म्हणून सांग. बोरीत बुलबुलाचं घरटं आहे का, ते तू पाहिलंस तरी का? जवळ जाऊ नकोस, लांबूनच बघ आणि मला कळव.

ब्लॉकांचे पैसे दिले असतील तर दारापासून गेटापर्यंत पायवाट करून घे. मागची माती उघडी राहू दे. मी शनिवारी मनमाडवरून गाडी बदलून येते. मला उतरवून घ्यायला नाही आलास तरी चालेल. बोर मात्र उभी दिसू दे.

तुझी,
ताई