वाढवलेल्या बांगड्यांची नगरी

चंदिगढ शहर पाहताना पट्टी ठेवून आखलेल्या वहीची आठवण होते. रस्ते सरळ म्हणजे किती सरळ असावेत! ना कुठे बोळ, ना कुठे पार. पत्ता विचारावा तर उत्तरादाखल आकडे ऐकावेत. फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले, पंजाबला नवी राजधानी हवी झाली, आणि ल कॉर्बुझिए या जगप्रसिद्ध वास्तुशिल्पज्ञाने हे शहर कागदावर रेखले. कागद कोरा होता. जमीन मात्र कोरी नव्हती. तिथे नांदती गावे होती. ती उठवण्यात आली. घरे, चुली, रांजण साऱ्यांचा ढिगारा झाला. आराखड्यात सगळ्यांना जागा असते, ढिगाऱ्याला तेवढी नसते.

त्या ढिगाऱ्याचे पुढे काय झाले, हे पाहायचे असेल तर शहराच्या उत्तर टोकाला, सरकारी इमारती आणि सुखना तलाव यांच्यामध्ये असलेल्या ‘रॉक गार्डन’मध्ये जावे. गेल्या नाताळच्या सुटीत मी, सौभाग्यवती आणि आमची अकरावीतली कन्या असे तिघे तिथे गेलो होतो. त्या भव्य इमारती पाहून माना वर करकरून अवघडल्या होत्या. इथे मात्र दारातच मान खाली घालावी लागली. आतली दारे मुद्दामच इतकी बुटकी ठेवली आहेत की, वाकल्यावाचून कुणाला पुढे जाता येऊ नये. आमच्यापुढे एक उंचेपुरे सरदारजी होते. एका हाताने पगडी सावरीत ते असे काही लवले की, जणू एखाद्या गुरुद्वाऱ्यातच पाऊल टाकीत असावेत!

ही नगरी उभारणारा गृहस्थ ना शिल्पकार होता, ना कुठल्या कलाशाळेत शिकलेला. नेकचंद सैनी त्याचे नाव. १९२४ साली बेरियां कलां नावाच्या खेड्यात त्याचा जन्म झाला. फाळणीत ते खेडे सीमेपलीकडे गेले आणि नेकचंद अलीकडे आले. नव्या राजधानीत त्यांना बांधकाम खात्यात रोड इन्स्पेक्टरची नोकरी मिळाली. दिवसा सरळ रस्त्यांवर देखरेख करावी आणि कामावरून सुटले की सायकलला टांग मारून नदीपात्रातले चित्रविचित्र दगड आणि उठवलेल्या गावांचे मोडके सामान गोळा करावे, असा त्यांचा क्रम. १९५७ च्या सुमारास सुखनाजवळच्या जंगलात जागा साफ करून त्यांनी हे सामान रचायला सुरुवात केली. रात्री जुने टायर जाळून उजेड करायचा आणि काम करायचे. आईने लहानपणी सांगितलेल्या राजाराण्यांच्या गोष्टींतली नगरी त्यांना वसवायची होती. स्वतःचे गाव तर गेलेच होते!

पण ते जंगल सरकारी, आणि त्यात बांधकामाला सक्त मनाई. बिंग फुटले असते तर नोकरी जाणार आणि नगरीही भुईसपाट होणार, हे उघड होते. तरीही तपाहून अधिक काळ हा उद्योग चालला. १९७० नंतर केव्हातरी सरकारी मंडळींना तो दिसला, तेव्हा बारा-तेरा एकरांवर चौक, वाटा आणि शेकडो पुतळे उभे होते. नियमाप्रमाणे सारे पाडायला हवे होते. नवल असे की, पाडले नाही. १९७६ साली बाग लोकांसाठी खुली झाली. नेकचंदांना पगारासह बागेच्या इंजिनिअरचे पद मिळाले आणि हाताखाली पन्नास कामगार आले.

एकट्याने चोरून केलेले काम तेव्हापासून साऱ्या गावाचे झाले. शहरात टाकाऊ वस्तू जमा करण्यासाठी केंद्रे उघडली गेली. फुटक्या कपबश्या, न्हाणीघरातल्या फरशा, विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे चिमणे, डांबराची पिंपे, असे सगळे येऊ लागले. सायकलींचे मोडके सांगाडे पुतळ्यांची हाडे झाली. त्यांवर सिमेंटचे अंग चढले आणि अंगावर काचांचे कपडे. पाणी वाहणाऱ्या बाया, शिपाई, माकडे अशी पलटणच्या पलटण ओळीने उभी आहे.

“अहो, इकडे या! माझ्या माहेरच्या बशीची नक्षी ही!” सौभाग्यवतींनी एका शिपायाच्या छातीकडे बोट दाखवले. मग आम्ही तिघेही पुतळे सोडून बश्याच पाहू लागलो. कुणाच्या घरी, कुणाच्या हातून, कुणाला बोलणी बसून फुटल्या असतील, कोण जाणे!

पण मी खरा थबकलो तो बांगड्यांच्या स्त्रियांपुढे. फुटलेल्या बांगड्यांचे हिरवे, तांबडे, निळे तुकडे अंगभर लेवून त्या उभ्या होत्या. आपल्या मराठीत बांगडी ‘फुटली’ म्हणत नाहीत, ‘वाढवली’ म्हणतात. वर्गात हा शब्द मी अशुभ टाळण्याची रीत म्हणून वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. इथे तो शब्द डोळ्यांदेखत खरा झाला होता. बांगडी खरोखरच वाढली होती. मनगटाएवढी होती ती माणसाएवढी झाली होती. आमच्या आजीने फाटक्या लुगड्यांची गोधडी शिवली, तीही याच न्यायाने. मोडलेल्या वस्तूला दुसरा जन्म देण्याचे हे शहाणपण घराघरांत होते. नेकचंदांनी त्याचे नगर केले.

लोकांनीही या नगराची राखण केली आहे. १९९० च्या सुमारास बागेतून रस्ता काढायचे ठरले आणि बुलडोझर दाराशी आले, तेव्हा नागरिकांनी हातात हात घालून साखळी केली. यंत्रे परत गेली. १९८४ साली पद्मश्री मिळालेले नेकचंद २०१५ साली निवर्तले. त्यांच्यामागे, २०२५ साली, शेजारच्या उच्च न्यायालयाकडे जाणारा रस्ता रुंद करण्यासाठी बागेच्या भिंतीचा एक भाग पाडला गेला. तेव्हाही लोकांनी निषेध केला. भिंत मात्र गेली.

मनाला चुटपुट लागते ती इथे. भंगारातून उभे राहिलेले पुन्हा भंगार व्हायला वेळ लागत नाही. टाकून दिलेले उचलायला एक नेकचंद पुरला. उचललेले टिकवायला मात्र सारे गाव लागते, आणि तेही दर पिढीला नव्याने. उत्तरेकडे जाल तेव्हा कॉर्बुझिएच्या इमारती अवश्य पाहा. पण निम्मा दिवस या नगरीसाठी राखून ठेवा. मुलांना सोबत न्या. त्यांना पुतळे पाहू द्या आणि त्यांत आपल्या घरची बशी शोधू द्या. दारातून जाताना तेवढे वाका. विसरलात तर दारच आठवण करून देईल!