ताकद संपते तेव्हा

तुमच्यापैकी कुणी आमच्या भिवंडीला आलात, तर गल्लीत शिरताच खटखट, खटखट असा आवाज कानी पडेल. हा यंत्रमागांचा आवाज. आम्ही त्यांना लूम म्हणतो. धोटा इकडून तिकडे धावतो आणि एकेक धागा जोडत कापड तयार होतं. लूम म्हणजे केवढं जड लोखंडी धूड! पण वीज गेली की सगळं जागच्या जागी गप्प. लूम कितीही दणकट असला, तरी त्याला चालवणारी वीज बाहेरूनच यावी लागते.

माणसाचंही तसंच असतं, असं मला वाटतं. का, ते सांगतो.

माझे बाबा लूमवर कारागीर. जेवढं कापड विणलं जाईल, तेवढी मजुरी. “मनगटात जोर आहे तोवर कुणापुढे हात पसरणार नाही,” असं ते नेहमी म्हणत. पण मार्च २०२० मध्ये कोरोनामुळे टाळेबंदी झाली आणि गल्लीतला आवाज थांबला. लूम बंद म्हणजे मजुरी बंद. परगावचे कितीतरी कामगार मिळेल त्या वाटेने आपापल्या गावी निघाले. बाबांच्या मनगटातला जोर कुठे गेला नव्हता, पण त्याला काही कामच उरलं नव्हतं. ते रात्र रात्र जागायचे. घरभाडं, धान्य, धाकट्या बहिणीची फी... बोटांवर हिशेब करायचा, तो संपला की पुन्हा पहिल्यापासून.

देवळंही तेव्हा बंद होती. आजी घरच्याच देव्हाऱ्यापुढे दिवा लावायची. एका रात्री ती बाबांना म्हणाली, “अरे, आज करण्याजोगं होतं ते सगळं केलंस ना? मग जागून उद्याचा दिवस लवकर उजाडणार आहे का? रात्रीची राखण तरी त्याच्यावर सोड.”

बाबा काही बोलले नाहीत. पण दुसऱ्या दिवसापासून दिवेलागणीला ते आजीशेजारी बसू लागले. मनात काय म्हणत असत, ते त्यांनी कधी सांगितलं नाही. एवढं मात्र मी पाहिलं, की त्यांना झोप लागू लागली. आणि चारेक दिवसांनी शेजारच्या खाला पिठाची पिशवी घेऊन आल्या, तेव्हा बाबांनी ती परत पाठवली नाही. खालांच्याही घरचे लूम बंद, त्यात रोजे चालू! “अम्मा, देणारा वर आहे. मी फक्त पिशवी उचलून आणली,” असं त्या आजीला म्हणाल्या. त्या रात्रीच्या भाकऱ्या मला अजून आठवतात.

“म्हणजे सगळं देवावर सोडायचं आणि आपण स्वस्थ बसायचं?” असं तुम्ही विचाराल. छे, मुळीच नाही! आमच्याच भिवंडी तालुक्यात तानसा नदीजवळ वज्रेश्वरी देवीचं देऊळ आहे, तिथली गोष्ट ऐका. पोर्तुगिजांच्या ताब्यातला वसईचा किल्ला काही केल्या हाती येत नव्हता. तेव्हा चिमाजी अप्पांनी या देवीला नवस केला, असं परंपरेने सांगतात. किल्ला मिळाला, तर तुझं देऊळ बांधीन! पाहा बरं, एवढी फौज पाठीशी असलेला सेनापतीही देवीपुढे वाकला. पण नवस बोलून ते देवीपुढे बसून राहिले का? नाही. मराठ्यांनी सुरुंग लावून तट फोडला, कितीतरी वीर कामी आले, तेव्हा कुठे मे १७३९ मध्ये वसई मिळाली. मग देऊळही उभं राहिलं. त्याच्या भोवती किल्ल्यासारखी तटबंदी आहे.

आमचं काय झालं? लूम हळूहळू सुरू झाले. मागितलं तसं सगळं मिळालं, असं नाही. उधारी फेडता फेडता पुढचं वर्ष सरलं. पण त्या उन्हाळ्यात बाबा खचले नाहीत. उद्याचं सगळं ओझं एकट्याने वाहायचं नाही, हे त्यांना पटलं होतं.

मुलांनो, अवघड वेळ तुमच्यावरही येईल. पेपर कठीण जाईल, घरी कुणी आजारी पडेल. तेव्हा आधी हातात आहे ते नीट करा. अभ्यास न करता नुसतं फूल वाहिलंत, तर देव काही पेपर लिहायला येणार नाही, बरं का! पण सगळं करूनही छातीत धडधड होत राहिली, तर डोळे मिटून एवढंच म्हणा, ‘माझं करून झालं, आता तू सांभाळ.’ आणि कुणी मदतीला हात पुढे केला, तर तो धरायला लाजू नका. तो हात कुणी पाठवला असेल, सांगता येतं का?