जाड भिंत



आमच्या मंडळीतल्या एका मावशींचं पोट फुगत होतं म्हणून सोनोग्राफी झाली आणि रिपोर्टात आलं, 'पित्ताशयाची भिंत जाड'. ग्वाल्हेरकडे हे वाक्य हलकं नसतं. पित्ताशयाचा कॅन्सर उत्तर भारतात दक्षिणेपेक्षा बराच जास्त आढळतो, त्यामुळे घरचे घाबरले ते उगाच नव्हे.

आम्ही प्रार्थना केली. मग मी विचारलं, "मावशी, तपासणीला उपाशीपोटी गेला होतात ना?" त्या दुधाचा चहा आणि बिस्किटं खाऊन गेल्या होत्या! खाल्लं की पित्ताची पिशवी आकसते आणि भिंत जाड दिसते. एरवी ती साधारण 3 मिलिमीटरच्या आत असते. डेंग्यू, कावीळ, यकृताचा किंवा हृदयाचा आजार यांतही ती सुजते. जाड भिंत हे निदान नव्हे, नुसती खूण.

रात्रीपासून उपाशी राहून पुन्हा सोनोग्राफी केली, तेव्हा जाडी फक्त पिशवीच्या बुडाशी उरली. तिथे धूमकेतूच्या शेपटासारख्या चमकत्या रेघा होत्या. एमआरआयमध्ये बारीक ठिपके मोत्यांच्या सरासारखे ओळीनं दिसले. नाव लांबलचक, ॲडेनोमायोमॅटोसिस. आतलं अस्तर वाढून स्नायूत शिरतं आणि त्याचे छोटे कप्पे होतात. हा कॅन्सर नव्हे, आणि पुढे त्याचा कॅन्सर होतो असंही डॉक्टर मानत नाहीत.

मुलगा म्हणाला, "काढूनच टाका." आईच्या बाबतीत कोणाला धीर धरवतो? पण खडे नाहीत, दुखत नाही, चित्र स्पष्ट आहे, म्हणून डॉक्टरांनी ऑपरेशन नको म्हटलं. उजव्या बरगडीखाली वारंवार दुखू लागलं किंवा निदानाची शंका राहिली, तर दुर्बिणीनं पिशवी काढतात. पित्त यकृतात तयार होतं, त्यामुळे पिशवीवाचून माणसाचं चालतं. पॉलिपचा हिशेब वेगळा. तो 10 मिलिमीटर किंवा मोठा असला तर सहसा पिशवी काढायलाच सांगतात.

उपासनेनंतर कोणीतरी मावशींना विचारलं, ऑपरेशन नाही, चमत्कार नाही, मग साक्ष कसली देणार? मला तो प्रश्न आवडला नाही. लूक स्वतः वैद्य होता, आणि शुभवर्तमान लिहितानाही त्यानं आधी नीट चौकशी केली होती. मावशी मात्र हसल्या आणि म्हणाल्या, "उपाशी राहून पुन्हा तपासा, हीच सांगते."

डोळे पिवळे झाले, थंडी वाजून ताप आला किंवा दुखणं थांबेना, तर त्याच दिवशी दवाखाना, असं मुलानं लिहून फ्रिजवर चिकटवलं आहे.