शनिवारचा निरोप

विद्यार्थिमित्रहो, सेवा हा विषय निबंधास जितका सोपा, तितकाच तो नियमानें आचरण्यास कठीण आहे. हा धडा आम्हांस कळंब्यांतील एका वृद्ध आजींनीं दिला. तो तुमच्यापुढें व तुमच्या पालकांपुढें ठेवावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

कळंबा हें गांव कोल्हापुराच्या दक्षिणेस, गारगोटीच्या रस्त्यावर आहे. येथील तलावानें कोल्हापुरास कित्येक वर्षें पाणी पुरविलें. आतां शहर गांवास येऊन भिडलें आहे. तरुण माणसें कामासाठीं पुण्यामुंबईकडे जातात आणि कित्येक घरांत म्हातारीं माणसें तेवढीं मागें राहतात. २०११ च्या जनगणनेंत भारतांतील साठ वर्षें व त्यावरील माणसांची संख्या दहा कोटींहून अधिक भरली. संख्या एवढी मोठी. पण दार मात्र एकेकच ठोठवावें लागतें.

गेल्या जूनपासून दर शनिवारीं शाळा सुटल्यावर दहा मुलें घेऊन आम्ही तेथें जाऊं लागलों. पहिल्या दिवशीं मुलांनीं केळीं नेलीं, गाणीं म्हटलीं. मोठें सत्कृत्य घडलें असें त्यांस वाटलें. आम्हांसही तसेंच वाटलें, हें कबूल केलें पाहिजे. आजींनीं सर्व ऐकून घेतलें व म्हणाल्या, "केळीं कशाला आणलीसा, बाळांनो? मशीनवर माझा अंगठा उठंना झालाय, तेवढं बघा की."

६५ वर्षें व त्यावरील निराधार वृद्धांस राज्य सरकारच्या श्रावणबाळ योजनेंतून दरमहा निवृत्तिवेतन मिळतें. त्यावरच आजींचा निर्वाह. परंतु शेतांत व गुऱ्हाळावर जन्मभर राबून त्यांच्या बोटांवरील रेषाच झिजल्या होत्या, आणि यंत्र त्यांस ओळखीना. एक मुलगा व एक मुलगी त्यांच्याबरोबर दोनदां जाऊन हात हालवीत परत आलीं. तिसऱ्या खेपेस दुसऱ्या बोटाचा ठसा जुळला. त्या दिवशीं गाणें कोणीच म्हटलें नाहीं. पण आजींनीं दोघांच्या तोंडावरून हात फिरविला.

पुढें फेब्रुवारी आला. परीक्षा, स्नेहसंमेलन, बक्षीससमारंभ यांच्या गर्दींत चार शनिवार आम्ही कळंब्यास गेलों नाहीं, व निरोपही धाडला नाहीं. पांचव्या शनिवारीं गेलों, तेव्हां आजी तक्रारीचा एक शब्दही बोलल्या नाहींत. शेजारच्या बाईंनीं मात्र सांगितलें कीं, चारही शनिवारीं त्या चटई अंथरून दिवेलागणीपर्यंत ओट्यावर बसून होत्या. एका शनिवारीं तर भाचीच्या घरचें लग्न होतें. "पोरं येतील आणि दाराला कुलूप दिसंल," म्हणून त्या तेथेंही गेल्या नाहींत.

आम्ही खालीं मान घालून परतलों. वाटेंत आठवींतील एक मुलगी हळूच म्हणाली, "सर, आम्ही एक दिवस आलों नाहीं तर तुम्ही अर्ज मागतां. आपण आजींना अर्ज दिलाच नाहीं." या प्रश्नाचें उत्तर आमच्यापाशीं नव्हतें.

तेव्हांपासून एक नियम केला आहे. प्रत्येक घरास दोन विद्यार्थी नेमून दिले आहेत, आणि येणें होणार नसेल तर आदल्या दिवशीं निरोप गेलाच पाहिजे. २००७ च्या कायद्यानें वृद्ध आईबापांच्या पालनपोषणाचें कर्तव्य मुलांवर घातलें आहे. कायदा पोटगी देववूं शकेल. परंतु घटकाभर शेजारीं बसून बोलणें कोण देववील? पालकहो, आपल्या घरींही कोणी आजी अथवा आजोबा ओट्यावर बसून वाट पाहत असतील. आपल्या मुलांचा पहिला शनिवार त्यांचा असूं द्या.

परवां पाऊस फार होता, म्हणून शुक्रवारींच निरोप धाडला. आजींचा उलट निरोप आला: "भिजत येऊं नका. पुढच्या शनिवारीं शेंगा भाजून ठेवते."