एकदाच दिसलेला लाल रंग

अकलोलीच्या गरम पाण्याच्या कुंडांवर सांधेदुखीने गांजलेली माणसे दुरून येतात. आमचे बाबा तर तिथलेच रहिवासी. ७८व्या वर्षी एके सकाळी त्यांना लघवीत लाल रंग दिसला, तेव्हा कुंडात फार वेळ बसल्याने उष्णता वाढली असेल, असे समजून त्यांनी धने-जिऱ्याचे पाणी घेतले. दुसऱ्या दिवशी रंग नाहीसा झाला आणि आम्हीही तो विषय सोडून दिला.

दीड महिन्याने तो रंग पुन्हा दिसला. डॉक्टर म्हणाले, "उन्हाळी लागली तर जळजळ होते. वेदनेवाचून रक्त जाते, तेव्हा अधिक सावध व्हावे." बाबांनी ४० वर्षे विडी ओढली होती. मूत्राशयाच्या कर्करोगाचे सर्वांत मोठे कारण धूम्रपान हेच आहे, हे मला तेव्हा कळले.

लघवीतील पेशींची तपासणी करायचे ठरले. मूत्राशयाच्या अस्तरातील पेशी झडून लघवीत उतरतात. कर्करोगाच्या पेशींचे केंद्रक सूक्ष्मदर्शकाखाली मोठे, गडद व वेडेवाकडे दिसते. 'पॅप' चाचणीमुळे ज्यांचे नाव स्त्रियांना परिचित आहे, त्या पापानिकोलाऊ यांनी मार्शल यांच्यासह १९४५ मध्ये या तपासणीचा उपयोग दाखवून दिला. तिला सुई लागत नाही. मी मात्र पहाटेची पहिलीच लघवी घेऊन गेलो. रात्रभर साठलेल्या लघवीत पेशी खराब होतात, म्हणून त्यानंतरची ताजी लघवी द्यावी लागली.

अहवालात कर्करोगाच्या पेशी आढळल्या नाहीत. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला. "आता दुर्बीण कशाला?" असे बाबा म्हणू लागले. डॉक्टरांनी समजावले, "या तपासणीत उग्र गाठ बहुधा सापडते, सौम्य गाठ पुष्कळदा निसटते, कारण तिच्या पेशी निरोगी पेशींसारख्याच दिसतात."

दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा लहानशी गाठ आढळली. ती दुर्बिणीतूनच काढण्यात आली. अशी गाठ पुन्हा उद्भवू शकते, म्हणून बाबा आता ठरल्या वेळी तपासणीस जातात.

ज्येष्ठ वाचकहो, लघवीत एकदाही रक्त दिसले, तर संकोच न करता घरात सांगा. सांभाळ करणाऱ्यांनीही आपणहून विचारावे. पेशींचा अहवाल निर्दोष आला, तरी डॉक्टरांनी सुचवलेली पुढची तपासणी टाळू नये. आमचा दीड महिना वाया गेला. आपला जाऊ नये.