गोरे बेटावरील प्रतिनिधि

गेल्या वैशाखांत माडीवरची जुनी पेटी उन्हांत घातली, तेव्हां तिच्या तळाशीं आमच्या आजोबांस सरकारांतून मिळालेली एक सनद सांपडली. पहिल्या महायुद्धाच्या काळीं आजोबा मामलेदार कचेरींत कारकून होते, व १९१८ सालच्या लष्करभरतींत त्यांनीं चांगली कामगिरी केली, असा तींत मजकूर होता. घरांतील इतर सगळ्या तसबिरी भिंतीवर. ही सनद मात्र धोतराच्या घडीखालीं. त्याचें कारण आजीनें आम्हांस लहानपणींच सांगितलें होतें. भरती होऊन गेलेल्या एका मुलाची आई कित्येक महिने आमच्या ओटीवर येऊन बसे व "माझ्या पोराचा कांहीं कागुद आला का?" असें विचारी. ती ओटीवर असली म्हणजे आजोबा परसदारानें घरांत येत.

योगायोग असा, कीं त्याच दिवसांत आम्ही ब्लेझ द्यान्य यांच्याविषयीं वाचीत होतों. फ्रान्सच्या लोकप्रतिनिधिसभेंत निवडून गेलेले हे पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन गृहस्थ. त्यांचा जन्म १८७२ सालीं सेनेगलमध्यें, डाकारसमोरील गोरे नांवाच्या चिमुकल्या बेटावर झाला. (बेटाचें नांव ऐकून मराठी वाचकांस हसूं येईल, आम्हांसहि आलें. परंतु गुलामांच्या व्यापाराशीं जोडलेलें तें ठिकाण आहे, हें कळल्यावर हसूं ओसरलें.) घर गरिबाचें. बेटावरील क्रेस्पँ नांवाच्या एका मिश्रवंशीय सधन कुटुंबानें मुलाची हुशारी पाहून त्यास सांभाळलें व शिकविलें. पुढें द्यान्य फ्रेंच जकातखात्यांत शिरले आणि दाहोमे, काँगो, रेयुनियों, मादागास्कर, गियाना असे वसाहतींतून फिरत राहिले. वरिष्ठांशीं त्यांचें बहुधा जमत नसे. जो मनुष्य कायद्याचें पुस्तक दाखवून साहेबास उत्तर देतो, त्याची बदली वरचेवर होते, हें आपल्याकडील जुन्या नोकरदार घरांस समजावून सांगावयास नको.

सेनेगलमधील सेंट लुई, गोरे, रुफिस्क व डाकार या चार नगरांतील रहिवाशांस मताचा अधिकार होता, व त्यांचा एक प्रतिनिधि पॅरिसला जाई. पण तो गोरा किंवा मिश्रवंशीय असावयाचा. काळ्या मतदारानें मत तेवढें द्यावें! १९१४ च्या मे महिन्यांत द्यान्य निवडून आले आणि हा रिवाज मोडला. आपल्या दादाभाईंनीं १८९२ सालीं ब्रिटिश पार्लमेंटांत पाऊल ठेविलें, त्यानंतरची ही बावीस वर्षांनीं घडलेली गोष्ट. मात्र दादाभाईंस लंडनच्या मतदारांनीं निवडलें होतें. द्यान्य यांस त्यांच्या स्वतःच्या लोकांनीं.

निवडून आले आणि तीन महिन्यांत युद्ध पेटलें. या चार नगरांतील लोक मत देत असत खरे, परंतु ते फ्रेंच नागरिक आहेत कीं नाहींत, याविषयीं अधिकारी सदा खुसपट काढीत. द्यान्य यांनीं सरळ सौदा मांडला: आमच्या मुलांस फ्रेंच मुलांप्रमाणेंच नियमित सैन्यांत घ्या, आणि नागरिकत्व लेखी द्या. १९१५ सालीं सैन्यसेवेचा कायदा झाला व २९ सप्टेंबर १९१६ रोजीं दुसरा, ज्यानें या नगरांतील मूळ रहिवासी व त्यांचे वंशज फ्रेंच नागरिक ठरले. मुसलमान रहिवाशांस त्यासाठीं आपला वैयक्तिक कायदा सोडावा लागला नाहीं. अडचणींत सांपडलेल्या सरकाराकडून एवढें पदरांत पाडून घेणें ही लहान कामगिरी नव्हे. १९१७ सालीं आफ्रिकन पलटणींची आघाडीवर व्यर्थ कत्तल झाली, तेव्हां सेनापतींस प्रतिनिधिसभेंत जाब विचारणारेहि हेच द्यान्य.

येथवर वाचतांना आमच्या मनांत निर्भेळ आदर होता. पुढलें १९१८ साल मात्र गळ्याखालीं उतरेना.

अंतर्भागांतील आफ्रिकन लोक नागरिक नव्हते. ते नुसते प्रजाजन. तेथें सक्तीच्या भरतीविरुद्ध १९१५–१६ सालीं व्होल्टा नदीच्या प्रदेशांत मोठें बंड झालें होतें. गव्हर्नर जनरल व्हान व्होलेनहोव्हेन यांनीं आणखी माणसें मागूं नयेत असेंच कळविलें होतें. तरीहि पंतप्रधान क्लेमांसो यांनीं द्यान्य यांस गव्हर्नर जनरलच्या तोलाचा अधिकार देऊन भरतीसाठीं धाडलें. व्हान व्होलेनहोव्हेन राजीनामा देऊन स्वतः रणांगणावर गेले व त्याच वर्षीं जुलैंत पडले. द्यान्य गांवोगांव फिरले. आपल्याच रंगाचा मनुष्य एवढ्या इतमामानें आलेला लोकांनीं पाहिला, सवलतींचीं आश्वासनें ऐकिलीं, आणि साठ हजारांहून अधिक तरुण भरती झाले. सरकारची अपेक्षा याहून कमीच होती.

त्याच जून महिन्यांत मुंबईच्या युद्धपरिषदेंत लोकमान्य टिळक सहकार्याबरोबर स्वराज्याची गोष्ट काढूं लागले, तेव्हां लॉर्ड विलिंग्डन यांनीं त्यांस बोलूं दिलें नाहीं व ते सभा सोडून गेले. तिकडे खेडा जिल्ह्यांत गांधीजी भरतीसाठीं वणवण करीत होते. थोरांचाच निर्णय असा दोन दिशांस जात असतां एकट्या द्यान्य यांस नांवें ठेवणें उचित नव्हे. तथापि चार नगरांसाठीं त्यांनीं किंमत आधीं लिहून घेतली आणि अंतर्भागांतील साठ हजारांसाठीं बव्हंशीं आश्वासनांवर विसंबले, एवढा भेद आम्हांस विसरतां येत नाहीं.

तो त्यांच्या देशबांधवांसहि विसरतां आला नाहीं. १९२४ सालीं पॅरिसमधील एका पत्रानें, भरतीच्या दर माणसामागें त्यांनीं दलाली घेतली असा आरोप छापला. द्यान्य यांनीं अब्रूनुकसानीची फिर्याद लावली व ती जिंकली. परंतु त्या खटल्यांत त्यांच्याविरुद्ध साक्ष देण्यास युद्धांत विषारी वायूनें जायबंदी झालेला लामिन सेंघोर नांवाचा सेनेगली शिपाई उभा राहिला. निकालापेक्षां ती साक्ष अधिक दिवस बोलत राहिली असेल. पुढें द्यान्य सरकारच्या अधिकच जवळ गेले. १९३० सालीं जिनीव्हा येथें फ्रान्सतर्फे वेठबिगारीच्या धोरणाचें समर्थन त्यांनींच केलें. १९३१ सालीं ते वसाहतखात्याचे उपमंत्री झाले. १९३४ च्या मे महिन्यांत, प्रतिनिधिपदावर असतांनाच, वारले. अंतर्भागांतील लोकांस नागरिकत्व मिळण्यास व वेठबिगार कायद्यानें बंद होण्यास १९४६ साल उजाडावें लागलें.

डाकारच्या नव्या विमानतळास २०१७ पासून त्यांचें नांव आहे.

सनद पुन्हा घडी करून ठेवितांना आमच्या धाकट्या सूनबाई म्हणाल्या, "मामंजी, चौकट करून लावूं या का? शंभर वर्षांची वस्तु आहे." आम्हांस पटकन् उत्तर सुचलें नाहीं. त्या बाईच्या मुलाचा कागद शेवटीं आला कीं नाहीं, हें आजीनें कधीं सांगितलें नव्हतें, आणि आम्हींहि विचारलें नव्हतें.